विनापाश नसलेल्या बाईचं दुसरं लग्न

माझं बेळगावच्या शहापुरात पिको-फॉलचं दुकान आहे. साडी टाकून बाया समोरच्या बाकड्यावर तासभर बसतात आणि मशीनच्या आवाजात घरी न बोलण्याचं बोलून घेतात. मागल्या महिन्यात वडगावची एक पोरगी, असेल तिशीची, ब्लाउजपीस पुढ्यात टाकून म्हणाली, "आक्का, रविवारी मला बघायला येणार आहेत. पोराला आईकडं पाठवू की मावशीकडं?"

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "कुठंच पाठवू नको. घरातच खेळू दे. हे तुझे नवे पप्पा वगैरे काही सांगू नको, पण लपवू पण नको."

मी हे लपवून बघितलंय, म्हणून सांगते. पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचा. 'घटस्फोटित वर, ४१, स्वतःचं घर, वधू विनापाश हवी.' म्हणजे मूल हा पाश. बाप्याच्या जाहिरातीत 'एक मुलगा, आजीजवळ असतो' एवढं लिहिलं की भागतं. मेळाव्याचा फॉर्म भरताना 'अपत्य' या रकान्यावर माझा हात थांबला, तेव्हा मध्यस्थ काकी म्हणाल्या, "कोरं सोड गे. आधी जमू दे, मग सांगूया." मी कोरं सोडलं. खानापूरकडचं स्थळ तिसऱ्या भेटीपर्यंत आलं, चहा चालू होता आणि माझी पोरगी शाळेतून दप्तर आपटत "आई, भूक!" करत आत आली. त्या माणसानं कप खाली ठेवला. त्याचा राग मला आला नाही, खोटं मी बोलले होते. पण पोरीनं रात्री विचारलं, "मी आले म्हणून ते गेले काय?" याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

पुढच्या फॉर्मवर मी लिहिलं: 'एक मुलगी, माझ्याजवळ राहते, लग्नानंतरही राहील. तिचे वडील तिला महिन्यातून एकदा भेटतात.' काकींनी कपाळाला हात लावला. पहिल्या वाक्याला हरकत नव्हती, दुसरं खोडायला सांगत होत्या. स्थळं निम्म्याहून जास्त गळाली. गळू द्यावीत.

आधी कागद

घटस्फोट खरा आहे का ते बघा. गावाकडं अजून पंच बसतात, शंभराच्या स्टँपवर सह्या होतात आणि काडीमोड झाली म्हणतात. तशी रूढी असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ ती मानतं, पण आपल्या समाजात ती पूर्वापार चालत आली आहे हे कोर्टात सिद्ध तुम्हाला करावं लागतं. नाही झालं, तर पहिलं लग्न कायम राहतं, दुसरं रद्दबातल ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. स्टँपपेपरवर विसंबून मांडव घालू नका.

संमतीनं घ्यायचा तर एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने परिस्थिती बघून कोर्ट माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ साली सांगितलंय. नवरा महाराष्ट्रातला आणि तुम्ही माहेरी बेळगावात असाल तर दावा इथंच लावा. २००३ च्या दुरुस्तीपासून बायकोला ती राहते तिथं दावा लावता येतो. मला हे कुणी सांगितलं नाही. दीड वर्ष पोरीला कडेवर घेऊन मी गडहिंग्लजच्या तारखा केल्या. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

भांडून घेतलेला निकाल असेल तर अपिलाचे ९० दिवस संपू द्यात, तोवर लग्न नको. निकालाच्या तीन प्रमाणित नकला काढून ठेवा. कागद कानडीत निघाला असेल तर त्याचं भाषांतर आत्ताच करून घ्या. नवं स्थळ चंदगड-कोल्हापूरकडचं निघालं की तिकडचा कारकून तो कागद उलटा धरून बघतो.

पैशाचं एकच सांगते. निकालपत्रात तुमची पोटगी आणि मुलाची पोटगी या दोन रकमा वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. तुम्ही लग्न केलंत की तुमची रक्कम बंद करायला तो अर्ज करू शकतो. मुलाची त्यामुळं बंद होत नाही. आई कुणाच्या घरात नांदते यावर बापाची जबाबदारी ठरत नाही. एकच आकडा लिहिला असेल तर 'आता तिचा नवरा पोसेल' म्हणायला वाट मोकळी. फौजदारी कोर्टाचा आदेश असेल, म्हणजे पूर्वीचं कलम १२५, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, तर थकलेल्या पैशासाठी एक वर्षाच्या आत अर्ज करा. वर्षापलीकडची थकबाकी त्या वाटेनं वसूल होत नाही. बाया 'पुढच्या महिन्यात देतो म्हणालेत' करत दोन-दोन वर्षं घालवतात. माझ्या पोरीचे पैसे आले की मी सुकन्या समृद्धीत टाकते. खातं ती दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, आणि पालक म्हणून एकट्या आईची सही चालते.

माणूस बघताना

नोकरी, पगार, त्याचा घटस्फोटाचा निकाल किंवा पहिलीच्या मृत्यूचा दाखला हे सगळं तुमचा भाऊ बघेलच. मी सांगते ते भाऊ बघणार नाही. मुलाच्या बापाचा विषय निघाल्यावर हा माणूस काय विचारतो, तिकडं कान ठेवा.

टिळकवाडीतल्या एका स्थळानं पहिल्याच चहाला सांगितलं, "त्या माणसाचा संबंध एकदाचा तोडून टाका. पोरीला आजपासून मीच बाप." माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला धडकी भरली. पोरीला त्यांनी अजून बघितलंसुद्धा नव्हतं, तिचं नाव दोनदा चुकीचं घेतलं होतं. आणि तोडायला निघाले होते ते कुणाचं? तिची आजी दर उन्हाळ्यात संकेश्वरी मिरची पाठवते, काका दिवाळीला किल्ल्याचे मावळे पाठवतो. हे सगळं त्या एका वाक्यात गेलं असतं.

आताचे हे उद्यमबागला लेथवर असतात. पहिली बायको आजारानं गेली, एक मुलगा. आम्ही बाहेरच भेटलो, हॉटेलात, माझा भाऊ शेजारच्या टेबलावर पेपर उघडून. त्यांनी विचारलं, "ते तिला कुठं भेटतात?"

"संकेश्वरच्या स्टँडवर."

थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "पावसात काय करता?"

मी घरी येऊन आईला सांगितलं, हे चालतील.

नंतर कळलं, त्यांच्या पोराचे आजी-आजोबा त्याला ओढत होते. मूल दोन घरांत वाटलेलं असणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. एकट्या आईला असं अनुभवी माणूस बरं, असं माझं मत. माझ्या बहिणीचं मत वेगळं आहे. ती म्हणते दोन्हीकडची पोरं म्हणजे डोक्याला दुप्पट ताप. तेही खोटं नाही.

पोरीच्या बापाला कोण सांगणार

तुम्ही. गल्लीतून नाही, तिच्या तोंडून तर मुळीच नाही. आमच्याकडं बातमी बेळगावातून गडहिंग्लजला पोचायला एक लग्न किंवा एक बारसं पुरतं. त्याच्या आधी फोन करा.

मी दुकान बंद करून, शटर अर्धं ओढून फोन केला. काय बोलायचं ते कॅशबुकाच्या मागं लिहून काढलं होतं, नाहीतर मी रडले असते किंवा भांडले असते. "मी लग्न करतेय, पुढच्या महिन्यात. पोरीला अजून सांगितलेलं नाही, आधी तुम्हाला सांगतेय. तुमचा रविवार आहे तसाच राहील."

पलीकडं चाकणच्या कंपनीतला भोंगा वाजला. मग म्हणाले, "मग ती पप्पा कुणाला म्हणणार?"

"तुम्हाला. त्यांना काका म्हणेल."

"आणि पैसे?"

"तिचे तुम्हीच देणार. मी माझे कधी घेतले नव्हते."

"बरं," म्हणाले आणि ठेवला. माणूस इतकंच बोलला तर समाधान माना. त्याचा आशीर्वाद काढायला बसू नका. परवानगी पण मागू नका. मला घाई होती की त्यांनी 'चांगलं केलंस' म्हणावं, तसलं काही येत नसतं.

पुढं काय होतं ते माझ्याकडं आणि बाकड्यावरच्या बऱ्याच जणींकडं सारखंच झालं. वर्षभर जेमतेम येणारा बाप अचानक दर रविवारी येतो. सायकल आणतो, मोबाइल आणतो, पोरीला विचारतो, "ते काका रागावतात काय ग?" चार-पाच महिने हा पूर असतो. नंतर एकदम कोरडं, दोन-दोन महिने फोन नाही. पुरात मला राग आला आणि दुष्काळात गुपचूप बरं वाटलं. दोन्ही वेळी मी चुकले. माणसाला वाटतं आपली जागा भरली गेली. आधी ती वाचवायला धावतो, नंतर सोडून देतो. त्याची जागा रिकामी आहे हे त्याला दिसत राहावं, एवढंच आपल्या हातात.

त्यासाठी दिवस, वेळ आणि ठिकाण पक्कं करा, आणि नव्या लग्नाच्या आधी करा. मांडव उठल्यावर केलेला नियम त्याला नव्या नवऱ्यानं घातलेला वाटतो. आमचा महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा, संकेश्वर स्टँड. संकेश्वर दोघांच्या मध्ये पडतं. त्यांचं गाव गडहिंग्लज तिथून जवळ, आम्हाला महामार्गानं तास-सव्वा तास. २०२३ च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी गाडी फुकट, म्हणून मला नि पोरीला तिकीट शून्य. आधार कार्ड विसरू नका, कंडक्टर ओळखीचा असला तरी बघतो. दोघांच्याही दारात पाऊल टाकायची गरज पडत नाही हा मोठा फायदा. दारात आलं की सासू डोकावते, शेजारीण डोकावते, आणि पाच मिनिटांत जुनी भांडी वाजायला लागतात.

शुक्रवारी संध्याकाळी मी एक मेसेज करते: 'रविवारी साडेदहा, संकेश्वर.' दुसरा मेसेज नाही. पोरीकडून फोन करवत नाही. त्यांनी 'नाही जमत' म्हटलं तर ते ऐकणारी मी असावी, ती नको. ते न सांगता आले नाहीत तर अर्धा तास थांबतो, स्टँडजवळ इडली-वडा खातो आणि परत फिरतो. काय सांगायचं? मी आधी सबबी सांगायची, "पप्पांना ओव्हरटाइम लागला असेल." एकदा तिनं त्यांनाच विचारलं, "ओव्हरटाइम होता?" ते म्हणाले, "कसला ओव्हरटाइम?" तेव्हापासून मी म्हणते, "आले नाहीत. का ते मला माहीत नाही." ती रुसते, खिडकीकडं तोंड करून बसते. बसू द्यायचं.

आपल्या भागासाठी एक कलम जास्त घाला. गाड्या बंद पडल्या तर काय? २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली आणि एसटीनं कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. त्या रविवारी तिचे पप्पा एमएच पासिंगची मोटरसायकल घेऊन यायला निघाले होते, मीच नको म्हटलं. पोरीला सीमाप्रश्न कसा समजावणार? तिला वाटलं मी मुद्दाम अडवलं. आता आमच्या कागदावर आहे: गाड्या बंद असतील तर त्याच वेळी व्हिडिओ कॉल आणि पुढच्या रविवारी भेट. एक नोव्हेंबरला इकडं कर्नाटक राज्योत्सव नि मराठी माणसांचा काळा दिन असतो, त्याच्या आसपास भेट ठेवतच नाही.

हे सगळं ज्याचा बाप मारकुटा नव्हता त्या मुलासाठी. हात उगारणाऱ्या, पिऊन येणाऱ्या माणसाबरोबर स्टँडवरचे करार करू नका. घरगुती हिंसेच्या २००५ च्या कायद्यात कलम २१ आहे. भेटीनं मुलाला इजा होईल असं वाटलं तर मॅजिस्ट्रेट भेट नाकारू शकतो. आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन, मग वकील.

नावाची घाई नको

नव्या घरात गेल्यावर पहिल्या महिन्यात कुणीतरी म्हणतंच, "पोरीचं नाव पण बदलून टाका की आता." आपल्या नावात बापाचं नाव मधोमध बसलेलं असतं, त्यामुळं हा प्रश्न आपल्याकडं जास्त बोचतो. दुसरं लग्न केलेली आई मुलाचं आडनाव ठरवू शकते, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ साली म्हटलं, आणि कागदावर नव्या नवऱ्याला 'सावत्र बाप' लिहायला लावणं क्रूर आहे असंही म्हटलं. पण त्या प्रकरणातला बाप वारला होता. तुमच्या मुलाचा बाप जिवंत असेल, भेटत असेल, तर तेच तुम्हाला जसंच्या तसं लागू होईल असं धरू नका. आणि बदलायचंच असेल तर एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, आधी बदला. मार्क्सकार्डावर नाव छापलं की पुढं निस्तरणं जिकिरीचं.

दत्तकाचंही तेच. नव्या नवऱ्याला मूल कायद्यानं दत्तक घ्यायचं असेल तर जन्मदात्या बापाची संमती लागते, आणि एकदा झालं की त्या बापाची जबाबदारी संपते. उलट, दत्तक नसेल तर सावत्र बापाच्या मिळकतीत मुलाला वारसाहक्क नाही. आम्ही तिसरी वाट धरली. पोरगी बापाच्या नावावर राहिली, आणि ह्यांनी मृत्युपत्रात तिचा वाटा लिहिला. मृत्युपत्राचा विषय मी लग्नाआधीच काढला होता. आई म्हणाली, "शुभकार्याच्या तोंडावर काय हे अभद्र!" ह्यांनी दोन दिवसांनी मसुदा आणून दिला.

लग्न आम्ही सकाळी अकराला केलं, वीस माणसांत, आणि सब-रजिस्ट्रारकडं नोंदवलं. वेळेवरून माझी आजी अस्वस्थ होती. तिच्या लहानपणी असलं लग्न म्हणजे पाट, मोहतूर. शेजारच्या कानडी बाया उडकी म्हणायच्या. ते रात्री, अंधारात उरकायचं, सवाष्णींनी तोंड बघायचं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १९१७ लाच केला होता, पण आजीच्या गल्लीपर्यंत तो उजेडात पोचायला बराच वेळ लागला म्हणायचा. ती आली. पुढच्या रांगेत बसली. दोन पेढे पण खाल्ले.

पोरगी आता अकराची आहे. आमच्या कालनिर्णयावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी निळा गोल असतो, तो तीच करते. दिवाळीचं कागदावर ठरलेलं: नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान आमच्याकडं, मग पाडवा नि भाऊबीज गडहिंग्लजला, चुलत भावंडांत. गेल्या दिवाळीला तिनं पाडव्याच्या रात्री स्वतः फोन लावला, आजीच्या फोनवरून.

"आई, मी उद्या सकाळी आले तर चालेल काय? त्याला ओवाळायचंय. त्याला कुणीच बहीण नाही."

तो म्हणजे ह्यांचा मुलगा, आठ वर्षांचा, त्या क्षणी माझ्यासमोर लवंगी फटाक्यांची माळ सोडवत बसलेला. मी म्हटलं, "पप्पांना विचारलंस काय?"

मागून त्यांचा आवाज आला. "पहिल्या गाडीनं सोडतो म्हणावं. साडेआठला संकेश्वर. नेहमीची वेळ नाही, म्हणून सांगतोय."

मी कॅलेंडरावर पेननं साडेआठ लिहिलं.